न्गंकारी, डॉक्टर आणि दवाखान्याची मालकी

प्रश्न: ऑस्ट्रेलियात आदिवासींचे पारंपरिक वैदू दवाखान्यात डॉक्टरच्या बरोबरीने, मोबदला घेऊन काम करतात असं ऐकलं. हा अंधश्रद्धेवर सरकारी शिक्का मारण्याचा प्रकार नाही का? आणि तिथे ते चालत असेल, तर मेळघाट-गडचिरोलीत का चालू नये?

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. तुम्ही ज्याबद्दल ऐकलंत तो दवाखाना बहुतेक सरकारी नसणार, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर बरंचसं इथेच आहे. मी मूळची विदर्भातली. मध्य ऑस्ट्रेलियात, ॲलिस स्प्रिंग्ज आणि आसपासच्या वाळवंटी वस्त्यांमध्ये बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. ज्या संस्थांसाठी काम केलं त्या आदिवासी समाजाने स्वतः काढलेल्या. पैसा मुख्यतः केंद्र सरकारचा, थोडा मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या, बिलांतून येणारा. पण संचालक मंडळ समाजातून निवडलेलं. माझी मुलाखत त्यांनी घेतली, कंत्राट वाढवायचं की नाही हेही तेच ठरवतात. बजेट मांडलं जातं तेव्हा डॉक्टर हा खर्चाचा एक रकाना असतो आणि न्गंकारी, म्हणजे तुम्ही म्हणता तो पारंपरिक वैदू, हा दुसरा.

हे सहजासहजी मिळालेलं नाही. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात एका दुकानवजा गाळ्यात पहिली ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस सुरू झाली. शहरातल्या दवाखान्यांत आदिवासी माणसाला अशी वागणूक मिळायची की लोक दुखणं अंगावर काढत. गॉर्डन ब्रिस्को, ‘मम शर्ल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्ली स्मिथ, गॅरी फोली ही आदिवासी कार्यकर्ते मंडळी, आणि त्यांच्या जोडीला फ्रेड हॉलोज हे नेत्रतज्ज्ञ आणि इतर काही स्वयंसेवक डॉक्टर: ही सेवा यांनी उभी केली. १९७३ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये तशीच सेवा उभी राहिली, त्याच वर्षी ॲलिस स्प्रिंग्जमध्ये सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल काँग्रेस स्थापन झाली. १९८३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात नगानाम्पा हेल्थ कौन्सिल आली. ‘लोकसहभाग’ हा मुद्दा मांडणारा जागतिक आरोग्य संघटनेचा अल्मा-आटाचा जाहीरनामा १९७८ चा. रेडफर्नची मंडळी त्याच्या सात वर्षं आधी कामाला लागली होती. आज देशभरात अशा संस्था १४० हून अधिक आहेत. १९८९ च्या राष्ट्रीय आदिवासी आरोग्य धोरणात आरोग्याची व्याख्या करतानाही फक्त शरीर धरलेलं नाही. संपूर्ण समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्य धरलं आहे. अशा व्याख्येत वैद्याला मागच्या दाराने आणावं लागत नाही.

आता न्गंकारींकडे येऊ. दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात तो सगळा टापू सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा, आणि लोक जेमतेम सहा हजार. पिट्जन्जाट्जारा, यांकुनित्जाट्जारा, न्गान्यात्जारा या भाषा बोलणारे हे लोक स्वतःला ‘आनंगू’ म्हणवतात. त्यांच्या बायकांनी १९८० मध्ये एनपीवाय (याच तीन नावांची इंग्रजी आद्याक्षरं) विमेन्स कौन्सिल काढली, कारण जमिनीच्या हक्कांच्या वाटाघाटींत त्यांना कुणी विचारत नव्हतं. न्गंकारींना रीतसर मोबदला देऊन वस्त्यांवर, दवाखान्यांत, तुरुंगांत आणि शहरातल्या रुग्णालयांत पाठवण्याचा कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या शेवटी याच बायकांच्या संस्थेने सुरू केला. २०११ मध्ये यातल्या दोन ज्येष्ठ न्गंकारींना जागतिक मानसोपचार परिषदेकडून सिग्मंड फ्रॉइड पुरस्कार मिळाला. वाळवंटात त्याचं फारसं कुणाला अप्रूप नव्हतं. दिल्ली-मुंबईचे पुरस्कार आपल्या गावात किती जणांना माहीत असतात?

न्गंकारी होता येतं ते घराण्यातून. आजोबा किंवा आजी लहानपणीच नातवंडात ते हेरतात आणि शिकवतात. बायकाही न्गंकारी असतात, आणि बायकांच्या तक्रारींसाठी त्याच लागतात. उपचार बघायला गेलात तर फार नाट्य नसतं. बाई जमिनीवर किंवा खुर्चीत बसते. न्गंकारी मागे बसते, डोक्यापासून मान, खांदे, पोट असं दाबत, चोळत जाते. जिथे काही ‘अडकलंय’ असं वाटतं तिथे थांबते, ते ओढून काढल्यासारखं करते, मुठीत घेऊन बाहेर टाकते. मग डोक्यावर किंवा छातीवर फुंकर. बोलणं कमी. आनंगूंच्या समजुतीप्रमाणे माणसात ‘कुरुन्पा’ असतं, प्राण म्हणा, चैतन्य म्हणा. मोठी भीती, अपघात, घरातला मृत्यू यांनी ते जागचं हलतं. मग माणूस जेवत नाही, झोपत नाही, एकटा बसतो. न्गंकारी ते शोधून परत जागेवर बसवतो. याहून आतलं बरंच काही असतं. ते सांगायचा अधिकार माझा नाही, आणि तुम्हीही ते मला विचारू नये.

‘पण हे खरं असतं का?’ हा पुढचा प्रश्न येणारच. मुठीतून काय निघालं याची मी तपासणी करत बसत नाही. मी बाईचं ब्लडप्रेशर बघते, साखर बघते, इसीजी काढते. न्गंकारीकडे जाऊन आल्यावर तीच बाई दोन रात्री झोपलेली असते, बोलायला तयार असते, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी का बंद केली होती तेही सांगते. डॉक्टर म्हणून मला यात नाकारण्यासारखं काही दिसत नाही. शोक, भीती, जुनाट दुखणं, झोप उडणं या बाबतीत आमच्या औषधांच्या कपाटातही फार काही जादू नाही, हे सगळेच डॉक्टर जाणतात, फक्त बोलत नाहीत.

जिथे जीव धोक्यात आहे तिथे मात्र क्रम पक्का असतो, आणि तो न्गंकारींनीही मान्य केलेला असतो. एखादं मूल तापाने फणफणलंय, मान ताठ आहे, अंगावर न दबणारे लाल-जांभळे ठिपके आहेत: आधी सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक, मग फोन, मग बाकीचं. असं मूल घेऊन धावपट्टीवर ‘फ्लाइंग डॉक्टर’च्या विमानाची वाट बघत उभं राहण्याची वेळ इथल्या प्रत्येक डॉक्टरवर येते. लाल मातीची पट्टी, रात्र असेल तर दोन्ही कडांना दिवे. स्ट्रेचरवर मूल, हातात सलाईन, एका बाजूला नर्स ऑक्सिजनचा आकडा बघतेय, दुसऱ्या बाजूला आजी मुलाच्या पोटावर हात फिरवत फुंकर घालतेय. कुणीच कुणाला बाजूला सारत नाही. आजीला हात लावू दिला म्हणून आई मुलाला विमानात चढवायला तयार होते, हेही तितकंच खरं. आनंगू वैद्य स्वतःच सांगतात की काही आजार त्यांच्या कामाचे आहेत आणि काही दवाखान्याच्या. मधुमेह, किडनी, जंतूंचे आजार हे बहुतेक गोऱ्यांबरोबर आलेले, त्यांचं औषधही गोऱ्यांकडेच असणार, हा हिशेब त्यांच्या बाजूने सरळ आहे.

अंधश्रद्धेचा मुद्दा मी टाळत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नीट वाचा. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. कायद्याने बोट ठेवलं आहे ते रोखण्यावर. मी जे इथे बघते त्यात रोखणं नाही. उलट कायदाच दोघांना एकत्र बसवतो: दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हटलं आहे की आदिवासी रुग्णाच्या पारंपरिक श्रद्धा लक्षात घ्याव्यात आणि शक्य व योग्य असेल तिथे त्याच्या समाजातल्या आरोग्य कार्यकर्त्यांशी आणि पारंपरिक वैद्यांशी मिळून काम करावं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या २०१४ च्या कायद्यातही पारंपरिक वैद्यांचा उल्लेख आहे. मनोविकाराच्या वॉर्डात याची गरज सगळ्यात जास्त लागते. मेलेल्या भावाचा आवाज ऐकू येतो असं सांगणारा आनंगू तरुण प्रत्येक वेळी स्किझोफ्रेनियाचा रुग्ण नसतो. तो आवाज शोकातला आहे की आजारातला, हे न्गंकारी माझ्यापेक्षा लवकर ओळखतो. आणि आजारातला असेल तर ‘याला गोळ्या द्या’ असंही तोच सांगतो.

दवाखाना लोकांच्या ताब्यात असण्याचा परिणाम मोठ्या गोष्टींपेक्षा बारीकसारीक गोष्टींत जास्त दिसतो. बऱ्याच वस्त्यांवर पुरुषांचं आणि बायकांचं दार वेगळं असतं. जावई आणि सासू एकमेकांसमोर येऊ शकत नाहीत, त्यामुळे एकच प्रतीक्षालय असेल तर दोघांपैकी एकजण उपचार न घेता निघून जातो. शहरातलं रुग्णालय त्याची नोंद ‘स्वतःहून निघून गेला’ अशी करतं. माणूस गेला की त्याचं नाव उच्चारायचं नाही, आणि त्याच नावाच्या जिवंत माणसालाही काही काळ ‘कुन्मानारा’ म्हणायचं. आता अशा दिवसांत नवी रिसेप्शनिस्ट दारात उभी राहून यादीतलं नाव मोठ्याने पुकारते! संचालक मंडळात गावातल्याच मावशी असल्या की ही वेळ येत नाही, कारण सकाळीच निरोप आलेला असतो: आज कुणालाही नावाने हाक मारू नका. यासाठी कोणतंही सांस्कृतिक प्रशिक्षण शिबिर पुरं पडत नाही.

याच्या उलट काय होतं तेही २००७ मध्ये बघायला मिळालं. नॉर्दर्न टेरिटरीत केंद्र सरकारने ‘आणीबाणीची उपाययोजना’ जाहीर केली, वस्त्यांवर लष्कराचे लोक पाठवले आणि सगळ्या मुलांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करण्याची घोषणा केली. सक्ती नंतर मागे घेतली गेली, पण तोवर काही आया मुलांना घेऊन रानात निघून गेल्या होत्या. तपासणी वाईट नव्हती. कान फुटणं, खरूज, हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिज्वर, हे सगळं मुलांमध्ये खरंच भरपूर आहे. पण गणवेशातला माणूस सांगतो तेव्हा पेनिसिलिनसुद्धा शिक्षा वाटते. आणि संधिज्वराला ते इंजेक्शन दर २८ दिवसांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. दुखतंही खूप. दर महिन्याला स्वतःच्या पायाने येऊन ते टोचून घ्यायला दवाखाना आपला वाटावा लागतो.

सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र डायलिसिसचं आहे, आणि त्यावर थोडं जास्त लिहिते. वाळवंटात किडनी निकामी झालेले लोक फार. पूर्वी मशीन फक्त ॲलिस स्प्रिंग्जमध्ये. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास. म्हणजे पाचशे किलोमीटरवरचं किंटोरसारखं आपलं गाव कायमचं सोडायचं आणि शहरात कुणाच्या तरी अंगणात दिवस काढायचे. म्हातारी माणसं म्हणायची, इथे मशीनवर जगण्यापेक्षा आपल्या भूमीवर मरू. ज्याला आम्ही उपचार नाकारणं म्हणायचो, ते खरं तर घर सोडायला दिलेला नकार होता. मग किंटोरकडच्या पिंटुपी लोकांनी काय केलं, तर चित्रं काढली. किंटोर आणि किविर्कुरा इथल्या चित्रकारांनी मिळून मोठे कॅनव्हास रंगवले, २००० साली सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. त्यातून निघालेली संस्था आज ‘पर्पल हाउस’ म्हणून ओळखली जाते. २००४ मध्ये किंटोरलाच डायलिसिस सुरू झालं. २०११ मध्ये मशीन बसवलेला ट्रक आला. अंत्यविधीसाठी किंवा समारंभासाठी लोक गावी जातात तेव्हा तो त्यांच्या मागे जातो. २०१८ मध्ये दुर्गम भागातल्या डायलिसिसचा खर्च मेडिकेअरमध्ये आला. आधी लोकांनी करून दाखवलं, सरकार मागून आलं.

पारंपरिक औषध आणि आधुनिक यंत्र एकाच छपराखाली कसं राहतं तेही तिथेच बघावं. मशीनवर असणाऱ्या बायका रानातून इर्मांका-इर्मांका या झुडपाची पानं आणतात, वाळवतात, ऑलिव्ह तेलात आणि मेणात त्याचं मलम करतात. सर्दी, छाती भरणं, सांधेदुखी यांवर ते चोळायचं. पूर्वी ते कांगारू किंवा एमूच्या चरबीत करत. पर्पल हाउस हे मलम विकतं आणि बायकांना त्याचे पैसे मिळतात. या झाडाच्या अर्काचा स्टॅफिलोकॉकस जंतूंवर परिणाम होतो असं प्रयोगशाळेत दिसलंही आहे. तेव्हा ‘झाडपाल्याचं काय घेऊन बसलात’ म्हणणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. मी मात्र एक पथ्य पाळते: बाहेरून लावायचं असेल तर काही विचारत नाही, पोटात घ्यायचं असेल तर नक्की विचारते, कारण निम्मे रुग्ण किडनीचे आणि वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरही बरेच. ‘हे घेऊ नका’ अशी सुरुवात केली की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही. ‘कुणी करून दिलं, किती घेता’ असं विचारलं की पानं दाखवायलाच आणतात. त्या ज्ञानावर हक्क कुणाचा हा वाद इथेही आहे. हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये आपण रद्द करून घेतलं, तेव्हाचे डॉ. माशेलकरांचे मथळे ज्यांना आठवतात त्यांना याबद्दल वेगळं सांगायला नको.

सगळं आलबेल आहे असं समजू नका. मेडिकेअरमध्ये न्गंकारीच्या उपचाराला एकही आयटम नंबर नाही, म्हणजे त्याचं बिलच लावता येत नाही. जे काही चालतं ते अनुदानावर, आणि अनुदान सरकार बदललं की हलतं. मोठी रुग्णालयं न्गंकारीला बोलावतात आणि मग त्याच्याकडे पोलीस पडताळणी, लसीकरणाचा दाखला, बँक खात्याचा फॉर्म मागतात, तोही इंग्रजीत. सत्तरीचा माणूस शेकडो किलोमीटरवरून आलेला असतो आणि अतिदक्षता विभागाच्या दारात त्याला भेटीची वेळ संपल्याचं सांगतात. दुसरीकडे ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर या आदिवासी आरोग्य कर्मचाऱ्यांची २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी होते, आणि ते चांगलंच झालं. न्गंकारींची तशी नोंदणी करा अशी मागणी अधूनमधून होते. मी तिच्या विरोधात आहे. खरा कोण, भोंदू कोण हे वस्तीला माहीत असतं. कॅनबेराच्या एखाद्या कचेरीला ते कळण्याची शक्यता नाही. आणि एवढं सगळं करूनही २०२०–२२ च्या आकड्यांनुसार आदिवासी पुरुष इतरांपेक्षा ८.८ वर्षं आणि बाया ८.१ वर्षं कमी जगतात. घरं, पाणी, ताज्या भाजीचा भाव यांवर ना माझ्याकडे औषध आहे ना न्गंकारीकडे.

ठोस पुरावा हवा असेल तर ब्रिस्बेनकडे बघा. तिथे २०१३ पासून आदिवासी आरोग्य संस्था आणि एक मोठं प्रसूती रुग्णालय मिळून गरोदर बायकांसाठी सेवा चालवतात: सगळ्या बाळंतपणात ओळखीची एकच मिडवाइफ, सोबतीला समाजातली कार्यकर्ती, आणि सूत्रं संस्थांच्या हातात. २०२१ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत अकाली प्रसूती लक्षणीय कमी. यात कुणीही मुठीतून काही काढलेलं नाही. म्हणून मी म्हणते की मंत्र आणि अँटिबायोटिक यांचं मिश्रण कसं करायचं यात डोकं घालण्याआधी किल्ल्या कुणाकडे आहेत ते विचारा.

आता मेळघाट-गडचिरोली. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची संख्या २०२१ मध्ये दहा लाखांच्या आत होती, २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख. पैसा आणि माणसं यांची तुलनाच नको. पण अडचण फक्त पैशाची नाही. मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंना, आरोग्य खात्याशी जोडण्याचे प्रयत्न झाले, रुग्ण दवाखान्यात पाठवला की मानधन, असे. हेतू चांगला, काही जीव वाचलेही असतील. तरी मला त्यात एक खोट दिसते: भूमकाला पैसे मिळतात ते त्याचं काम केल्याबद्दल नाही, ते न केल्याबद्दल. तो खात्याचा एजंट होतो आणि गावातली त्याची पत जाते. न्गंकारीला त्याच्या स्वतःच्या उपचाराचे पैसे मिळतात, आणि म्हणूनच त्याने ‘दवाखान्यात जा’ म्हटलेलं लोक ऐकतात.

आपल्याकडे काही नाही असं नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालय बांधायच्या आधी गोंडांना विचारलं, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे नातेवाइकांसकट राहता येईल अशा झोपड्यांचं, दंतेश्वरी देवीच्या नावाचं रुग्णालय झालं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. जंगलाचा कारभार सांभाळणारी ग्रामसभा उपकेंद्राचा कारभार का सांभाळू शकणार नाही?

तुम्ही सुरुवात करणार असाल तर भूमकाच्या प्रशिक्षणापासून करू नका. एका उपकेंद्रापासून करा. ते किती वाजता उघडावं, बाळंतिणीजवळ कोण बसेल, नर्स कोणती भाषा बोलेल, औषधांवरचा खर्च कुठे गेला, हे ग्रामसभेपुढे मांडा, आणि ग्रामसभा नाही म्हणाली तर ते खरोखर थांबवा. नावं त्यांनाच सुचवू द्या: बायकांसाठी कोण, पुरुषांसाठी कोण. त्यांना बसायला जागा आणि दिवसाचं मानधन द्या, रुग्णामागे कमिशन नको. एक रेघ मात्र पहिल्याच बैठकीत, गावाच्या तोंडून आणि गावाच्या भाषेत आखून घ्या. बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डंबा देणाऱ्याला आणि साप चावलेल्याला अडवून ठेवणाऱ्याला इथे जागा नाही, मग तो कितीही मानाचा असो.